पाल पडली, आणि तपास संपला

संपादक महोदय,
स. न.

सप्ताहाची पंगत असो, साखरपुडा असो की शाळेतली खिचडी. शंभर-दोनशे जणांना उलट्या-जुलाब झाले की दुसऱ्या दिवशी बातमी ठरलेली असते. ‘आमटीत पाल पडल्याचा संशय. सर्वांची प्रकृती स्थिर.’ तिसऱ्या दिवशी विषय बंद. ही पाल आता आम्हाला नको झाली आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या घरातली पाल विषारी नसते. तिच्या अंगात माणसाला बाधेल असे विष नाही. तिच्या आतड्यात मात्र साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि घरपालींच्या विष्ठेत ते सापडल्याच्या नोंदी आपल्यासह अनेक देशांत आहेत. म्हणजे बातमीचे बोट बरोबर दिशेला असते, पण तिने दिलेले कारण चुकीचे असते. खदखदणाऱ्या आमटीत पाल पडली तर किळस येईल, पण तिच्यासोबत आलेले साल्मोनेला त्या उकळीतच मरतील. धोका आहे तो तिने रात्री उघड्या परातीवर टाकलेल्या लेंडीचा. भिजत घातलेली डाळ, चिरून ठेवलेली कोथिंबीर, गार होत ठेवलेली खीर, आदल्या रात्री शिजवून चादरीखाली झाकलेला भात, हे तिचे खरे बळी. उबदार अन्नात हे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूचे सात तासांत वीस लाख होतात, आणि अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही.

‘विषबाधा’ या शब्दानेही घोळ होतो. विष म्हटले की कुणीतरी कालवले असणार, असा अर्थ निघतो. मग जुने वाद उकरले जातात, आचाऱ्याला दरडावले जाते, उरलेले अन्न घाईघाईने खड्ड्यात पुरले जाते. पुरावाही तिथेच पुरला जातो. बहुतेक वेळा हा संसर्ग असतो, आणि तो कुणाच्या तरी आतड्यातून आलेला असतो: गाईच्या, कोंबडीच्या, घुशीच्या, बगळ्याच्या किंवा माणसाच्या. कुणाच्या, हे शोधता येते. शोधले जात नाही.

पत्रकारांनी घटनास्थळी सर्वांत आधी विचारायचा प्रश्न ‘काय खाल्ले’ हा नसून ‘खाल्ल्यावर किती वेळाने त्रास सुरू झाला’ हा आहे. तास-दोन तासांत, फार तर सहा तासांत धडाधड उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेले जंतूंचे विष असण्याची शक्यता मोठी. ते बहुधा आचाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा शिळ्या भातातून येते. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि पातळ जुलाब, उलट्या फारशा नाहीत, असे दिसले तर मोठ्या पातेल्यात हळूहळू गार झालेल्या मटणाच्या रश्श्याकडे पाहावे. बारा ते बहात्तर तासांत ताप, जुलाब आणि अंगदुखी असेल तर साल्मोनेला. दोन ते पाच दिवसांनी ताप आणि रक्तमिश्रित जुलाब असतील तर कॅम्पिलोबॅक्टर; तीन-चार दिवसांनी ताप फारसा नसताना रक्त पडत असेल तर आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचा एक जहाल प्रकार, ज्याला ओ१५७ म्हणतात. शेवटच्या दोन्ही जंतूंच्या बाबतीत रुग्ण ‘काल काय खाल्ले’ ते सांगतो, आणि दोष असतो तीन-चार दिवसांपूर्वीच्या घोटभर पाण्याचा किंवा निरशा दुधाचा. पंगत उगीच बदनाम होते.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतली शक्ती जाण्याचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस. चर्चा झाली ती व्हेंटिलेटरची आणि इंजेक्शनच्या किमतीची. ती व्हायलाच हवी होती. पण हा जंतू राहतो कुठे, यावर फार थोडे लिहिले गेले.

तो राहतो पक्ष्यांच्या आतड्यात. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असते आणि याला नेमकी तेवढीच ऊब लागते. तीस अंशांच्या खाली तो वाढतच नाही. हवेतला भरपूर ऑक्सिजनही त्याला सोसत नाही. म्हणून साल्मोनेलासारखा तो भातात वाढत बसत नाही. त्याची त्याला गरजही नाही, कारण काही शे जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. शेडमधली पिल्ले दोन-तीन आठवड्यांची झाली की हा जंतू कळपात शिरतो आणि थोड्याच दिवसांत बहुतेक कोंबड्यांच्या विष्ठेतून पडू लागतो. कोंबडी आजारी दिसत नाही, अंडी देत राहते, वजन भरत राहते. आजार झालेल्या माणसांपैकी साधारण हजारात एकाला, जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, गियाँ-बारे होतो: जंतूशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात.

हा जंतू फक्त शेडमध्ये कोंडलेला नाही. ब्रिटनमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची पातळ झाकणे कावळ्याच्या जातीचे पक्षी चोचीने फोडत आणि ते दूध पिणाऱ्यांना कॅम्पिलोबॅक्टरचा आजार होई. अलास्कात २००८च्या उन्हाळ्यात कच्चे मटार खाऊन लोक आजारी पडले. मटारच्या शेतांत उतरणाऱ्या क्रौंच पक्ष्यांच्या विष्ठेत तेच जंतू मिळाले, आणि मटार धुण्याच्या पाण्यात क्लोरीन उरलेले नव्हते, हेही तपासात निघाले. आपल्याकडचा गायबगळा सकाळी गोठ्यात शेणातले किडे वेचतो, दुपारी गावाबाहेरच्या कचऱ्यावर असतो आणि संध्याकाळी विहिरीवरच्या चिंचेवर वस्तीला येतो. त्या विहिरीला जाळी नसेल तर पुढचे सांगायला नको.

गाय, म्हैस, मेंढी आणि हरीण यांच्या आतड्यात ओ१५७ बिनदिक्कत नांदतो. त्या जंतूचे विष पेशीवरच्या ज्या खुंटीला अडकते, ती खुंटी गुरांच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांत नसते. त्यामुळे गाय ठणठणीत आणि तिच्या शेणाने माखलेला हात तोंडात घालणारे मूल मात्र मूत्रपिंड बंद पडून रुग्णालयात, असा प्रकार घडतो. त्याला शंभरापेक्षाही कमी जंतू पुरतात. ‘आमची जनावरे निरोगी आहेत’ हे वाक्य म्हणूनच या बाबतीत काहीच सांगत नाही.

एक अपवाद सांगायला हवा, कारण इथे नेहमी गल्लत होते. टायफॉइडचा साल्मोनेला फक्त माणसात राहतो. तो गुरांकडून येत नाही. बाकीचे अडीच हजारांहून अधिक साल्मोनेला प्रकार मात्र जनावरे, पक्षी, सरडे, साप, कासवे यांच्यात फिरत असतात. (हा जंतू १८८५च्या सुमारास थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांत शोधला आणि नाव लागले त्यांच्या वरिष्ठाचे, डॉ. सॅल्मन यांचे. कार्यालयांची रीत तेव्हाही हीच होती.)

आणि वाहतूक एकेरी नाही. युगांडातल्या बविंदीच्या जंगलाकाठी गोरिला, गुरे आणि माणसे यांच्या आतड्यातले ई. कोलाय ताडून पाहिले गेले. जिथे तिघांचा वावर एका ठिकाणी, तिथे जंतू सर्वांत मिळतेजुळते निघाले, आणि माणसांनी वापरलेल्या प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू गोरिलांतही सापडले. रानडुक्कर गावात रोग आणते, तसे गाव रानडुकराला रोग देते. म्हणून या पत्राचा आधार घेऊन कुणी बगळ्यांची चिंच तोडायला निघू नये. कॅलिफोर्नियात २००६ साली पालकातून ओ१५७ पसरला, दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले, काही दगावले. तोच जंतू शेताजवळच्या गुरांच्या शेणात, नदीच्या पाण्यात आणि रानडुकरांच्या विष्ठेत मिळाला. त्यानंतर खरेदीदारांच्या धाकाने शेतकऱ्यांनी बांधावरचा झाडोरा साफ केला. पुढे मोजणी झाली तेव्हा झाडोरा काढलेल्या शेतांत जंतू कमी झाले नव्हते. उलट तिथेच ते जास्त वाढले होते. बांधावरचे गवत आणि झुडपे शेणाचे पाणी अडवतात, गाळतात. ती गेली की पाणी सरळ वाफ्यात.

आता पाण्याकडे येतो, कारण मृग तोंडावर आहे आणि वर्षातले सर्वांत धोक्याचे दिवस पहिल्या मोठ्या पावसानंतरचे असतात. चार-पाच महिने उकिरड्यात, रस्त्यावर, गोठ्यामागे साठलेले सगळे शेण एका रात्रीत वाहू लागते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे पाचेक हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. गावाच्या पाच नंबरच्या उथळ विहिरीशेजारी एक गोठा होता. त्याचे शेणखत शेतात रीतसर पसरलेले होते. ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही भेगाळलेल्या खडकातून विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे टाकले जात नव्हते आणि नोंदवहीत आकडे मनाने लिहिले जात होते. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. चौकशीत शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही. त्याने सगळे नियम पाळले होते. दोष होता नोंदवहीचा.

आपल्याकडचा काळा पाषाणही भेगाळ आहे. मातीतून झिरपताना पाणी जसे गाळले जाते तसे फटीतून वाहताना गाळले जात नाही. म्हणून ‘संडास आणि उकिरडा विहिरीपासून पन्नास फूट लांब’ हा नियम पाळूनही भागत नाही. उकिरडा चढाच्या बाजूला असेल तर शंभर फूटही कमी पडतील. आधी उतार पाहावा. विहिरीला कठडा, भोवती किमान एक मीटर रुंदीचा पक्का ओटा, ओट्याचे पाणी लांब नेणारी नाली, वर जाळी आणि पाणी शेंदायला एकच ठरलेला पोहरा, एवढे असले तर निम्मे काम झाले. बोअरवेलच्या बाबतीत लोक खोलीवर विसंबतात. बोअर तीनशे फूट असला तरी केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या, बाहेरची पोकळी सिमेंटने भरलेली नसेल तर पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळीतून थेट खाली जाते. केसिंग जमिनीच्या वर फूटभर तरी हवे, आणि त्याला म्हैस बांधलेली नको.

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचा हिशेब दर ग्रामपंचायतीत भिंतीवर लिहिलेला असावा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ने गुणा आणि चाराने भागा. आले ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर २.५ ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर, म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास. हे स्वच्छ पाण्याचे माप झाले. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडते, म्हणून पावसाळ्यात आरोग्य सेवकाकडच्या हॉरॉक्स संचाने त्या दिवशीचे माप काढून घ्यावे.

पद्धतही महत्त्वाची. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत घ्यावे, ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली, आडवी-उभी हलवावी. तळचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. त्यानंतर तासभर पाणी कुणी भरू नये. हे काम रात्री शेवटची खेप झाल्यावर केले तर बरे. सकाळी ओटी चाचणी घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. तासाभरानंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरले पाहिजे.

बिघडते कुठे? पोते फोडून पंचायतीच्या कोपऱ्यात उघडे पडलेले असते. ताज्या पावडरीत कामाचे क्लोरीन तेहेतीस टक्क्यांच्या आसपास असते. ऊन, ओल आणि हवा लागली की ते उडत जाते आणि शेवटी पोत्यात नुसता चुना राहतो. मग जलसुरक्षक माप बरोबर टाकतो आणि ओटी चाचणी पांढरी येते. ती पांढरी आल्यावर वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहिले की आपले वॉकर्टन झाले. दुसरी चूक, मुठीने कोरडी पावडर टाकीत फेकणे. तिसरी, एक दिवस जास्त पडल्याने वास आला म्हणून लोकांनी ओरड केली की महिनाभर काहीच न टाकणे. आपण ज्या जंतूंबद्दल बोलतो आहोत ते सगळे योग्य मात्रेच्या क्लोरीनने मरतात. वासरांच्या हगवणीतून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र मरत नाही, त्यासाठी पाणी उकळावेच लागते.

पाणी तपासण्याची काळी पडणारी एचटूएस बाटली १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच तयार केली. ती स्वस्त आहे, गावात वापरता येते, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देते. पण ती सांगते एवढेच की पाण्यात विष्ठेचा अंश असावा. कुणाच्या, ते सांगत नाही. आणि बाटली काळी पडली नाही म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर नाही, असाही अर्थ होत नाही.

दुधाबद्दल बोलले की लोक रागावतात. धारोष्ण दुधाची थोरवी आपल्याकडे फार. दूध सडात शुद्ध असते असे मानले तरी बाहेर येताना ते कासेवरच्या शेणाला, शेपटीच्या फटकाऱ्याला, काढणाऱ्याच्या हाताला आणि किटलीच्या घडीला भेटून येते. जनावरांना गाभडवणारा ब्रुसेला हा जंतू तर सडातूनच येतो. गाभण गाय सहाव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली, तर तिचे दूध तपासणी होईपर्यंत घरात कुणीही निरसे पिऊ नये आणि उघड्या हाताने वार ओढू नये. ती कुत्र्यांपुढे न टाकता चुना टाकून खोल पुरावी. चार ते आठ महिने वयाच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती मिळते. लहान मुलांना औषध म्हणून शेळीचे कच्चे दूध पाजण्याची पद्धत तर तातडीने सोडावी. मेंढ्या-शेळ्यांचा ब्रुसेला गाईच्या ब्रुसेलापेक्षा माणसाला जास्त छळतो.

डेअरीत दूध ६३ अंशांवर तीस मिनिटे किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवतात. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून साधे धरावे: दूध वर आले म्हणजे उकळले नव्हे. सायीखाली वाफ कोंडून ते आधीच उतू येते. आच कमी करून, ढवळत, आणखी दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे. खरवसाला हरकत नाही, वड्या आतपर्यंत नीट वाफवलेल्या असल्या म्हणजे झाले.

गेल्या काही वर्षांत मुरघास घरोघरी पोचला. चांगला चारा आहे, पण बिघडलेला मुरघास हे लिस्टेरिया या जंतूचे आवडते घर आहे. नीट आंबलेल्या मुरघासाचा सामू ३.८ ते ४.२ असतो, तेवढ्या आंबटपणात लिस्टेरिया तग धरत नाही. हवा राहिली, पिशवीला उंदराने भोक पाडले, चारा नीट दाबला गेला नाही, तर सामू पाचाच्या वर जातो आणि कडेच्या बुरशीलगतच्या थरात तो फोफावतो. कुट्टी अर्धा ते एक इंच, ओलावा पासष्ट ते सत्तर टक्के, थर पायाने नव्हे तर ट्रॅक्टरने दाबलेला, आणि उघडल्यावर रोज निदान वीतभर थर संपेल एवढाच खड्डा उघडा. कडेचा काळा, पांढरा, चिकट भाग ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून शेळ्यांना घालतात, आणि काही आठवड्यांत एखादी शेळी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते. तिच्या किंवा तिच्यासोबतच्या शेळ्यांच्या कच्च्या दुधातून गरोदर बाईला साधा ताप येतो आणि गर्भ जातो. लिस्टेरिया फ्रीजमध्येही वाढतो. कॅनडातच नोव्हा स्कोशियात १९८१ साली लिस्टेरियाने आजारी मेंढ्यांचे खत कोबीला घातले गेले, कोबी थंड गोदामात हिवाळाभर राहिला, त्याची कच्ची कोशिंबीर झाली. एकेचाळीस रुग्णांपैकी चौतीस प्रकरणे गर्भ आणि नवजात बाळांची होती.

यावरून शेतातल्या शेणाकडे. सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्रासाठी अमेरिकेतला नियम असा आहे की ताजे शेणखत घातल्यावर, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस, नसेल तर ९० दिवस तोडणी करायची नाही. आपली मेथी तीस दिवसांत निघते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे या वाफ्यांत ताजे शेण किंवा शेडमधून ट्रॉलीने आलेले ओले कोंबडीखत घालणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. ते आधीच्या पिकाला घालावे, किंवा नीट कुजवून. कुजवणे म्हणजे उकिरड्यात वर्षभर पडू देणे नव्हे. ढीग मीटरभर तरी उंच, ओल पिळल्यावर हाताला लागेल एवढी, आणि आतले तापमान ५५ अंशांवर सलग तीन दिवस. मग बाहेरचा भाग आत जाईल असा पालटून पुन्हा तेच, असे चार-पाच वेळा. लोखंडी गज दहा मिनिटे खुपसून काढला आणि तो हातात धरवला नाही, तर ढीग तापला आहे.

जीवामृताबद्दल लिहिताना आम्हाला शिव्या खाव्या लागतील, तरी लिहितो. दहा किलो ताजे शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी, दोन दिवस सावलीत. हे मिश्रण जंतू वाढवण्यासाठीच आहे, ते वाढतातही. पण गूळ पाहून साल्मोनेला मागे हटत नाही. खताच्या अर्कात मळी घातली की ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढतात, हे प्रयोगांत दिसले आहे, आणि इथे तापून मरण्याची सोय नाही. ऊस, कापूस, फळझाडांच्या मुळाशी ते खुशाल द्यावे. मेथी, पालक, कोथिंबीर, कांदापात, काकडी यांच्यावर त्याची फवारणी करू नये. कोथिंबीर तर आपण शिजलेल्या पदार्थावर कच्चीच भुरभुरतो.

स्वयंपाकघराचे थोडक्यात. कोंबडी नळाखाली धुऊ नये. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोडे हातभर उडून शेजारच्या कोशिंबिरीवर बसतात. ज्या विळीवर कोंबडी कापली तिच्यावरच, नुसती पुसून, कांदा-कोथिंबीर चिरणे ही गावातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक. विळी, पाट आणि हात साबणाने. धार काढून आल्यावर, सारवण झाल्यावर, खुराडे झाडल्यावर थेट कणकेत हात नको. साबण नसेल तर राख चालेल, नुसते पाणी चालणार नाही. आणि जनावर ‘जाईल असे दिसते’ म्हणून कापून वाटे घालू नयेत. १८८८ साली जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावात हगवण लागलेली गाय अशीच कापली गेली, पन्नासावर लोक आजारी पडले, त्यांतल्या दगावलेल्या माणसाच्या प्लीहेत आणि गाईच्या मांसात एकच जंतू सापडला. अन्नातून जनावराचा जंतू माणसात येतो याचा तो पहिला पक्का पुरावा. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

जुलाब झाल्यावर स्वच्छ लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. शौचात रक्त असेल तर जुलाब बांधणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत आणि मेडिकलमधून प्रतिजैविकही आणू नये. ओ१५७मध्ये दोन्हींनी मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो. मुलाची लघवी कमी झाली, चेहरा सुजला, रंग पांढुरका पडला, तर तालुक्याला न थांबता जिल्ह्याला न्यावे.

तपासाबाबत प्रशासनाकडे आमच्या मागण्या आहेत, आणि त्या खर्चिक नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या, नळ्या ठेवाव्यात. पाच-दहा रुग्णांचे शौचाचे नमुने पहिले प्रतिजैविक देण्याआधी घेऊन, बर्फाच्या डब्यात, एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवावेत. सलाइनसोबत इंजेक्शन दिल्यावर घेतलेल्या नमुन्यात काही सापडत नाही आणि ‘कारण अस्पष्ट’ असा शेरा पडतो. कॅम्पिलोबॅक्टर हवा असेल तर ते चिठ्ठीवर लिहावे लागते: त्याला ४२ अंश आणि कमी ऑक्सिजनची पेटी लागते, नेहमीच्या पद्धतीत तो उगवतच नाही. पंगतीच्या आयोजकांनी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना धुतलेल्या स्टीलच्या डब्यात, फ्रीजमध्ये, तीन दिवस जपावा. आणि आरोग्य अधिकाऱ्यासोबत त्याच गाडीतून पशुधन विकास अधिकाऱ्यालाही पाठवावे, जो विहिरीभोवतालच्या गोठ्यातले शेण, खुराड्यातली विष्ठा आणि पाण्याचा नमुना त्याच दिवशी घेईल. आज हे दोघे दोन वेगळ्या खात्यांत, दोन वेगळ्या तारखांना येतात. माणसे, जनावरे आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच नागपुरात झाली. तो विचार तालुक्यापर्यंत एका जीपमधून येऊ शकतो.

आपल्या वार्ताहरांकडे एवढीच विनंती: पुढच्या वेळी पालीचा फोटो मिळाला तरी छापण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. त्रास किती तासांनी सुरू झाला, शौचाचे नमुने औषधाच्या आधी घेतले की नंतर, आणि त्या सकाळची ओटी चाचणी कुणी, किती वाजता घेतली. आणि पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल काय आला, तेही छापावे, आतल्या पानावर का होईना.

आपले,
पशुवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही वाचक